मुदतीत हरकत न आल्यास

बायकोला अवघड काही विचारायचं असेल तर ते सकाळी सहा ते सातच्या दरम्यानच विचारावं, हा शोध हरकतरावांना लग्नाच्या सोळाव्या वर्षी लागला. त्या तासात तिचं मौन असे. रोजचा नेम. पाहुणे असोत, पाऊस असो, अंगात ताप असो, सहाच्या ठोक्याला तिचे ओठ मिटत ते सातला उघडत. हात मात्र चालू असत. हॉलच्या खिडकीपाशी बसून कापडावर खडूच्या खुणा करणं, सुयांत दोरे ओवून ठेवणं, असली बिनआवाजाची कामं ती त्या तासात उरकून घेई. नेम करणारी माणसं जगाच्या फारशी आड येत नाहीत. जगालाच त्यांच्या आड यायची सवय असते.

तर अशा एका सकाळी, सहा वाजून दहा मिनिटांनी, हरकतराव चहाचा कप घेऊन तिच्यासमोर उभे राहिले.

"हॉलमध्ये माशांची टाकी घ्यावी म्हणतो. चार फुटी. इथे, तुझ्या शिलाई मशीनच्या जागी. मशीन पॅसेजमध्ये जाईल. काही हरकत?"

बायकोचा खडू थांबला. तिने डोळे वर केले. त्या डोळ्यांत बरंच काही लिहिलेलं होतं, पण हरकतराव डोळे वाचणाऱ्यांपैकी नव्हते. ते कागद वाचत. त्यांनी मनातल्या मनात साठपर्यंत आकडे मोजले, चहा संपवला आणि म्हणाले, "ठीक. नाही ना हरकत? मग ठरलं."

सातला तिने तोंड उघडलं तेव्हा ते अंघोळीला गेले होते. सव्वासातला बाहेर आले ते टॉवेलनिशी भिंतीचं माप घेऊ लागले.

"अहो, पण मी कधी हो म्हटलं?"

"नाही तरी कुठे म्हटलंस? मुदत संपली आता."

ही पद्धत ऑफिसातली. हरकतरावांचं पाळण्यातलं नाव वेगळं होतं, पण ते आता फक्त पगारपत्रकात उरलं होतं. नगरपालिकेच्या बांधकाम परवानगी खात्यात ते बावीस वर्षं अर्ज तपासत होते आणि बावीस वर्षांत एकही फाईल त्यांच्या टेबलावरून पहिल्या फेरीत पुढे गेली नव्हती. नकाशावर उत्तरेचा बाण नाही. सही आहे, तारीख नाही. तारीख आहे, पण सहीच्या वर आहे. लाल पेनाने 'त्रुटी' एवढा शब्द लिहिताना त्यांच्या चेहऱ्यावर जी शांती पसरे, ती साधुसंतांनाही तपानंतरच लाभत असेल. आणि ज्यात त्रुटी काढण्यासारखं काहीच नसे, त्या प्रकरणाला ते जाहीर नोटीस लावायला लावत. तिच्या शेवटचं वाक्य त्यांचं आवडतं होतं. 'मुदतीत हरकत न आल्यास संमती आहे असे समजण्यात येईल.' किती स्वच्छ वाक्य! यात कुणाला काही विचारावं लागत नाही. नुसतं थांबावं लागतं.

आता टाकीच का? तर त्याचं मूळ दाराच्या बेलमध्ये होतं. हरकतरावांच्या घराची बेल दिवसातून दहा-बारा वेळा वाजे. दार ते उघडत. समोर पिशवी घेतलेला माणूस असे.

"ताई आहेत का?"

"आहेत. आपण?"

"पँट आहे. तुम्ही ताईंचे मिस्टर ना? मग द्या एवढी पिशवी, आणि सांगा, कमरेला दोन बोटं ढिली."

खात्यात बसून अर्ध्या शहराला घाम फोडणारा माणूस, आणि स्वतःच्या घरात त्याने लोकांच्या कमरेचे निरोप पोहोचवायचे! बायकोच्या हाताला गुण होता. उसवलेलं, आखडलेलं, सुटलेलं, वाढत्या पोटाने हरवलेलं, असं काहीही ती नीट करून देई. हॉलमध्ये शिरलेला माणूस थेट खिडकीकडे बघे, जिथे मशीन होतं. हरकतराव सोफ्यावर बसलेले असले तरी सोफ्याचाच भाग वाटत.

अशात एका सहीसाठी त्यांना साहेबांच्या घरी जावं लागलं. साहेबांच्या हॉलमध्ये माशांची टाकी होती. तिच्यासमोर आणखी तिघे बसले होते आणि तिघेही कुजबुजत्या आवाजात बोलत होते. साहेब पाऊण तासाने आले, तरी कुणाची तक्रार नव्हती. हरकतरावांना साक्षात्कार झाला. ज्याच्या हॉलमध्ये मासे, त्याच्यासमोर आवाज खाली. त्यांनी तिथल्या तिथे आमंत्रण देऊन टाकलं. "आमच्याकडेही येतेय टाकी, साहेब. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी या ना चहाला. वहिनींना घेऊन."

साहेब कुणाकडेच जात नसत. पण या वेळी एकदम खुलले. "येतोच! तुमच्याकडे यायचं कधीपासून मनात होतं."

हरकतराव त्या दिवशी घरी चालत आले नाहीत, तरंगत आले.

माशांच्या दुकानाचा मालक हा हडकुळा, शांत माणूस होता. माशांच्या संगतीत राहून त्याच्याही पापण्या लवेनाशा झाल्या होत्या.

"टाकी कुठे ठेवणार?" त्याने विचारलं.

"खिडकीपाशी."

"ऊन येतं?"

"भरपूर!" हरकतराव अभिमानाने म्हणाले.

"मग नको. आठ-पंधरा दिवसांत पाणी हिरवं होईल. शेवाळ धरतं. जरा अंधारी जागा बघा. पॅसेज आहे का घरात?"

"पॅसेजमध्ये कोण बघणार?"

"मासे तुम्हाला हवेत की बघणाऱ्यांना?"

अशा प्रश्नांना खात्यात उत्तर देण्याची पद्धत नसते. हरकतरावांनी चार फुटी टाकी, लोखंडी स्टँड, फिल्टर, दोन पोती बारीक खडी आणि एक प्लास्टिकचा पाणबुड्या पसंत केला. मग बोट दाखवून म्हणाले, "आणि मासे हे, ते, आणि ते शेपटीवाले."

"मासे आज नाही."

"का? एवढे पोहतायत ते कुणाचे?"

"आधी पाणी पाळा," मालक म्हणाला. "टाकी भरा, फिल्टर चालू ठेवा, रोज चिमूटभर खाद्य टाका. चार-पाच आठवडे. घाण पचवणारे बारीक जीव पाण्यात तयार झाले की पाणी मुरलं. तोवर दर आठवड्याला बाटलीत थोडं पाणी आणून दाखवा. मी पास म्हटलं की मासे."

"मी स्वतः नगरपालिकेत आहे."

"पाण्याला ते माहीत नसतं हो," मालक खिन्नपणे म्हणाला.

घरी मशीन पॅसेजमध्ये गेलं. एका बाजूला फ्रिज, दुसऱ्या बाजूला बाथरूमचं दार, आणि डोक्यावर एक बल्ब, ज्याचा उजेड फक्त स्वतःपुरता होता. बायको म्हणाली, "इथे काळ्या कापडावर काळा दोरा दिसत नाही."

"सवय होईल."

उन्हाचा प्रश्न उरला होता. त्यावर हरकतरावांनी तोडगा काढला. बाजारातून जाडजूड कापड आणून तिच्यापुढे टाकलं. "हॉलच्या खिडकीला पडदा शिव. असा, की उजेडाची तिरीपसुद्धा आत येता कामा नये."

जिथे बसून तिने सोळा वर्षं शिवलं त्या खिडकीचा उजेड बंद करायचा पडदा तिनेच शिवायचा होता, आणि तोही बल्बखाली, डोळे बारीक करून. तिने एवढंच विचारलं, "शिवण दुहेरी घालू?"

"घाल. पक्की घाल."

चौदा वर्षांची मुलगी अभ्यास करत होती. ती वहीतून मान न उचलता म्हणाली, "बाबा, आईच्या तोंडावर पण एक शिवून घ्या. सातनंतरचा."

"तू अभ्यास कर."

टाकी तीन जिने चढून आली. स्टँडवर बसवली. दुकानदाराने बजावलं होतं की टाकी पाणसळ लावूनच ठेवा, जरा कलली की काचेवर ताण येतो. हरकतरावांनी पाणसळ ठेवली. तिच्यातला बुडबुडा सरळ जाऊन एका टोकाला बसला. जमीनच उतरती होती. ही इमारत हरकतरावांच्याच टेबलावरून मंजूर झालेली. त्या वेळी उत्तरेचा बाण त्यांनी तीनदा बदलायला लावला होता. त्या भरात जमिनीकडे बघायचं राहून गेलं. शेवटी स्टँडच्या दोन पायांखाली जुन्या परिपत्रकांच्या घड्या घातल्या. परिपत्रकांचा कुणाला तरी आधार झाल्याचा हा पहिलाच प्रसंग.

मग खडी धुणं. पाणी नितळ येईपर्यंत खडी धुवायची असते. हरकतरावांनी बाथरूममध्ये बसून सतरा बादल्या धुतल्या. पहिली बादली चॉकलेटी, दहावी चॉकलेटी, सतरावी जरा फिकट चॉकलेटी. हा सगळा गाळ जातो कुठे, हा विचार त्यांना शिवला नाही. तो खालच्या मजल्यावरच्या मावशींना शिवला. त्या ओल्या पायांनी जिना चढून दारात आल्या.

"अहो, माझ्या बाथरूममधून नदी वर येतेय! तुमच्याकडे चाललंय तरी काय?"

"टाकीची पूर्वतयारी."

"कसली टाकी? किती पाण्याची? माझा पलंग बरोब्बर खाली आहे, माहितेय ना? झोपेत माझ्यावर मासे पडले तर?"

"मावशी, स्लॅब आहे मध्ये."

"तो तुम्हीच मंजूर केलाय ना? म्हणून तर भीती."

मावशी तिथून थेट सेक्रेटरींकडे गेल्या. इमारतीचे सेक्रेटरी म्हणजे निवृत्त गृहस्थ. गच्चीत एक पत्र्याची शेड घालावी एवढीच त्यांची आयुष्यात उरलेली इच्छा होती, आणि तिची फाईल हरकतरावांनी नऊ वेळा परत पाठवली होती. गुडघेदुखीमुळे ते तिसऱ्या मजल्यावर सहसा येत नसत. त्या संध्याकाळी मात्र आले, आणि गुडघ्यांचं नाव काढलं नाही.

"टाकी छान आहे," ते हात मागे बांधून म्हणाले. "पण वजन बरंच व्हायचं, नाही का? इमारतीतल्या सगळ्यांचा प्रश्न आहे. नोटीस लावा. सात दिवस. हरकती मागवा. नियम म्हणजे नियम. हे मी तुमच्याकडूनच शिकलो."

हरकतराव मनात हसले. नोटीस हे त्यांचं घरचं मैदान. ऑफिसातल्या टायपिस्टकडून त्यांनी नोटीस करून घेतली आणि जिन्यातल्या फळ्यावर लावली. लावली म्हणजे कशी? वर 'लिफ्ट बंद आहे' असा एक कागद दोन वर्षांपासून होता. त्याच्या मागे. नियमाप्रमाणे नोटीस फळ्यावर होती. ती दिसावी असं नियमात कुठेही नव्हतं.

पाच दिवस गेले. एकही हरकत नाही. सहाव्या दिवशी हरकतराव ऑफिसला जायला जिना उतरत होते. फळ्यापाशी आले आणि लिफ्टच्या कागदाखालून डोकावणारा एक कोपरा त्यांना दिसला. टाईप केलेला कागद दिसला की वाचायचा, ही बावीस वर्षांची सवय. त्यांनी वरचा कागद उचलला. जिन्यात अंधार होता. नजर मजकुरावर नाही, मजकुरात काय नाही त्यावर गेली. वजन आहे, जागा आहे, मजला आहे, पण टाकीत पाणी किती लिटर, ते नाही! त्यांचा हात आपोआप खिशाकडे गेला, लाल पेन बाहेर आलं, आणि ठळक अक्षरांत उमटलं, 'पाण्याची क्षमता नमूद नाही. त्रुटी.' खाली सही. सहीखाली तारीख.

चेहऱ्यावर ती शांती पसरली. ती पुरती पसरायच्या आत अर्जदाराचं नाव दिसलं.

खोडायला पुन्हा पेन उघडतात तोच मागून आवाज आला, "असू द्या, असू द्या." सेक्रेटरी दूध घेऊन येत होते. "मुदतीत हरकत आली म्हणायची."

"अहो, ती माझीच आहे!"

"हरकत कुणाची असावी याला बंधन नाही. माझ्या शेडवर तुम्ही वाचमनची हरकत धरली होती. आता सुनावणी घ्यावी लागेल."

सुनावणी सेक्रेटरींच्या घरी, चहासह झाली. मावशी लोकरीचं विणकाम घेऊन पहिल्या खुर्चीवर बसल्या होत्या. सेक्रेटरींनी चष्मा लावला.

"अर्जदार हजर?"

"हजर," हरकतराव म्हणाले.

"हरकतदार हजर?"

"हजर," हरकतराव म्हणाले.

"हरकतदाराचं म्हणणं काय?"

हरकतरावांना खरं तर तिथेच 'हरकत मागे घेतो' म्हणता आलं असतं. पण काढलेली त्रुटी मागे घेणं म्हणजे आपण चुकलो असं म्हणणं, आणि तपासणारा म्हणून ते कधीच चुकलेले नव्हते. ते ताठ बसले. "क्षमता नमूद नसताना असा अर्ज मुळात यायलाच नको होता. अत्यंत बेजबाबदार अर्ज आहे."

"अर्जदाराला यावर काय सांगायचंय?"

"हरकतदाराचा हेतू अडवणुकीचा आहे," हरकतराव म्हणाले, आणि मनापासून संतापले. "असल्या माणसांमुळे कामं होत नाहीत!"

मावशींनी सुया थांबवल्या. "हे मात्र अगदी खरं बोललात," त्या म्हणाल्या.

निकाल लागला. दोन्ही बाजूंचा मान राखून टाकीला परवानगी, अट एकच. पाणी निम्मंच भरायचं.

आणि अशा रीतीने हॉलमध्ये, जाड पडद्याच्या पुढ्यात, निम्मी भरलेली टाकी उभी राहिली. पाणबुड्याला कमरेपर्यंतच पाणी आलं. तो पडलेलं काहीतरी शोधायला वाकल्यासारखा दिसे. हरकतराव रोज सकाळी टाकीसमोर उभे राहून चिमूटभर खाद्य टाकत. पाण्यात मासा नाही, कीटक नाही, काही नाही. खाद्य तरंगे, भिजे आणि बुडे.

"बाबा पाण्याला भरवतायत," मुलगी मैत्रिणीला फोनवर सांगत होती. "नाही गं, मासे नाहीयेत. नुसतं पाणीच पाळलंय आम्ही."

इमारतीतले लोक बघायला येत. आवाज खाली होण्याऐवजी वर होई. "मासे कुठायत?" "लपलेत का?" "मेले वाटतं!" "निम्मीच का? पाणी संपलं?" शिवाय पिशव्या घेऊन येणारे होतेच. ते खिडकीकडे बघत, तिथे मशीन दिसत नसे, मग घाबरून विचारत, "ताई बऱ्या आहेत ना?"

अशा वेळी हरकतराव पडदा सर्रकन बाजूला करत. टाकीवर ऊन पडलं की पाणी चमके, खडी चमके आणि येणारा घटकाभर गप्प होई. त्या घटकाभरासाठी ते दिवसातून आठ वेळा पडदा उघडत.

बाटली घेऊन ते दुकानात गेले. मालकाने पाण्यात दोन थेंब औषध टाकलं, बाटली उजेडात धरली आणि म्हणाला, "अजून नाही. परत आणा."

"कमी काय आहे ते लेखी द्या."

"वेळ कमी आहे."

दुसऱ्या आठवड्यात गेले. मालकाने या खेपेला थेंबही टाकले नाहीत. "हिरवट आहे. ऊन लागतंय. दुरुस्ती करून पुन्हा आणा." बाटली परत. रांगेत मागे उभा असलेला माणूस हरकतरावांकडे बघून ओळखीचं हसला. त्याच्या घराची फाईल सहावी फेरी मारत होती.

"त्रास होतो ना?" तो अगदी सहानुभूतीने म्हणाला.

रविवार उजाडला. टाकीतलं पाणी तोवर पालकाच्या रंगावर गेलं होतं. पाणबुड्याच्या अंगावर मऊ लव आली होती. हरकतरावांनी काच बाहेरून तीनदा पुसली. घाण आतून होती. बायको म्हणाली, "साहेबांना सरळ सांगा की थोडे दिवस लागतील. माणूसच आहेत तेही."

"साहेब आहेत ते," हरकतराव म्हणाले.

साहेब आले, वहिनी आल्या. साहेबांच्या हातात मोठी कागदी पिशवी होती. हरकतरावांच्या छातीत गोड कळ उठली. भेट! नव्या टाकीला भेट! पाठोपाठ सेक्रेटरी आणि मावशी, 'सहज' म्हणून, आलेच.

साहेब टाकीसमोर उभे राहिले. वाकून पाहिलं. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं.

"मासे?"

"प्रक्रियेत आहेत, साहेब."

साहेबही शेवटी त्याच खात्याचे. त्यांनी समजून मान हलवली. मग पिशवी सावरली, घसा साफ केला आणि जरा लाजत म्हणाले, "ते ताई कुठे बसतात?"

"कोण ताई?"

"अहो, तुमच्या मिसेस. ऑफिसात सगळ्यांच्या पँटी त्यांच्याकडेच येतात ना! त्यासाठी तर म्हटलं, यायचंच." त्यांनी पिशवीतून तीन पँटी काढल्या. "गेल्या वर्षभरात कमरेचं जरा... आमच्या शिंप्याने हात टेकलेत."

वहिनी म्हणाल्या, "श्वास घेतला की हुक उडतो. परवा मीटिंगमध्ये उडाला."

साहेब पॅसेजमध्ये, फ्रिज आणि बाथरूमच्या दाराच्या मधोमध, हात वर करून उभे राहिले. बायकोने टेप घेतली. बल्बच्या उजेडात टेपवरचे आकडे दिसेनात.

"एवढं बारीक काम, आणि इथे बसता?" साहेबांनी मान वळवून विचारलं. "खिडकीपाशी का नाही बसत?"

फ्रिज घरघरायचा थांबला. बायको टेपवर डोळे ठेवून, नेहमीच्या हळू आवाजात म्हणाली, "तिथे सध्या पाणी बसलंय."

साहेब हरकतरावांकडे बघत राहिले. हरकतराव पाणबुड्याकडे बघत राहिले. मग साहेब म्हणाले, "निदान बॅटरी तरी धरा हो!"

आणि हरकतरावांनी बॅटरी धरली. साहेबांच्या कमरेवर. पाव तास. सेक्रेटरी दारातून मान लांब करून म्हणाले, "जरा डावीकडे धरा. त्रुटी राहायला नको."

पाहुणे गेले. हरकतराव सोफ्यावर बसले आणि त्यांनी तोंड मिटलं. जेवताना बोलले नाहीत, ताट सरकवताना बोलले नाहीत. अपमान झालेल्या माणसाकडे एकच हत्यार उरतं, आणि ते फुकट असतं. घरातल्यांनी घाबरावं, विनवावं, कारण विचारावं, मग आपण आणखी दोन दिवस ताणावं, असा त्यांचा बेत होता. सोमवारी सकाळी सहाला तेही गप्प, बायकोही गप्प. फरक एवढाच की तिचं मौन कुणासाठी नव्हतं आणि यांचं सगळ्यांसाठी होतं.

सात वाजले. बायकोने चहा त्यांच्यासमोर ठेवला आणि त्यांच्या समोरच बसली.

"मी म्हणते, मशीन परत खिडकीपाशी न्यावं. पडदा काढावा. टाकी पॅसेजमध्ये ठेवावी. काही हरकत?"

हरकतरावांनी झटकन मान वर केली. तोंड उघडलं.

"बाबा, बोललात तर अबोला मोडेल हं," मुलगी दप्तर भरता भरता म्हणाली.

तोंड तसंच उघडं राहिलं. बोललो तर कालचा सगळा राग फुकट गेला. ऐन रागाच्या भरात 'मशीन तिथे नको' एवढंच बोलणारा माणूस किती हलका दिसेल! आणि नाही बोललो तर हॉल गेला. त्यांनी मान हलवून नकार द्यायचा विचार केला, पण मान हलवणं ही हरकत धरता येत नाही, हा निर्णय त्यांनी स्वतःच एका मुक्या हरकतदाराच्या प्रकरणात दिला होता.

बायको घाई करणारी नव्हती. तिने घड्याळाकडे पाहिलं. साठ आकडे मोजले नाहीत. पूर्ण तासभर थांबली, साहेबांच्या पँटीचा एक एक टाका शांतपणे उसवत. हरकतराव समोर बसून होते, आणि तो तास त्यांना फार लांब वाटला. एवढ्या वेळात माणसाला काय काय म्हणायचं असतं आणि काही म्हणता येत नाही, हे त्यांना पहिल्यांदाच समजत होतं. समजलं म्हणून आवडलं असं नाही.

आठ वाजले. बायको उठली. "मुदत संपली," ती म्हणाली, आणि मशीनच्या एका टोकाला हात घातला. दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं. हरकतराव काही क्षण बसून राहिले. मग उठले आणि त्यांनी ते धरलं, तोंड न उघडता.

टाकी अंधारात गेली. पॅसेजची जमीन मात्र सपाट निघाली. परिपत्रकं लागली नाहीत. अर्धं पाणी बदललं, काचा आतून पुसल्या, आणि सहा आठवड्यांनी दुकानाच्या मालकाने बाटली उजेडात धरून, पापणी न लववता म्हटलं, "पास." आठ छोटे, चपळ मासे आले. निम्म्या पाण्यात मजेत राहिले. पिशव्या घेऊन येणारे आता पॅसेजमध्ये स्टुलावर थांबत, माशांकडे बघत आणि खरोखरच कुजबुजत्या आवाजात बोलत. हरकतराव शेजारी उभे राहून त्यांना पाणी कसं मुरतं ते सांगत. कुणी म्हणालाच, "तुम्ही ताईंचे मिस्टर ना?" तर म्हणत, "हो. काचेला हात लावू नका."

सगळं कसं छान चाललं होतं. पण माणसाला छान चाललेलं सोसत नाही. एका सकाळी, सहा वाजून दहा मिनिटांनी, हरकतराव चहाचा कप घेऊन खिडकीपाशी गेले. बायको साहेबांच्या चौथ्या पँटीवर खुणा करत होती. ऊन थेट तिच्या हातांवर पडलं होतं.

"पॅसेजमध्ये मासे आहेत, ते ठीक," ते हळूच म्हणाले. "पण हॉलला काहीतरी हवं. पक्ष्यांचा मोठा पिंजरा घ्यावा म्हणतो. असा इथे, खिडकीत. काही हरकत?"

आणि ते मनातल्या मनात आकडे मोजू लागले.

बायकोने ओठ उघडले नाहीत. नेम म्हणजे नेम. तिने समोरची काळी पँट मांडीवर सपाट केली, हातातला पांढरा खडू टेकवला, आणि साहेबांच्या उजव्या पायावर, मांडीपासून घोट्यापर्यंत, दुरूनही वाचता येईल अशा अक्षरांत लिहिलं, 'हरकत आहे.'

मग त्याखाली सही केली. सहीखाली तारीख घातली.

हरकतरावांनी वाकून, चष्मा वर-खाली करून, तो मजकूर दोनदा तपासला. त्रुटी नव्हती.